प्रख्यापित करा, म्हणजे कुणाला कळायचं नाही

तुमचं चुकतं कुठे ते आधी सांगतो. तुम्ही सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिता, 'उद्या टाकी धुणार, दुपारी चारपर्यंत पाणी नाही.' खडू खाली ठेवेपर्यंत पहिला फोन. चारच का, दोन का नाही? आमच्याकडे पाहुणे आहेत. गेल्याच महिन्यात धुतली होती ना? आता यात लोकांचा काय दोष? तुम्ही लिहिलंत, ते त्यांना कळलं, आणि कळलं की माणसाला मत फुटतंच.

त्याऐवजी असं लिहा : 'ज्याअर्थी, संस्थेच्या जलसाठ्याची स्वच्छता करणे निकडीचे झाले आहे, त्याअर्थी, आता, कार्यकारिणी, तिला प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून, याद्वारे, पुढील आदेश प्रख्यापित करीत आहे.' इथे फळा संपतो. पुढचा आदेश लिहायला जागा उरत नाही, आणि तशी गरजही नसते. फोन येणार नाही याची हमी माझी.

हा नुसखा माझ्या पदरचा नाही. महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या नावाने निघालेला कुठलाही अध्यादेश उघडा. आधी दोन-तीन 'ज्याअर्थी' येतात. विधानमंडळाचं अधिवेशन चालू नाही, तातडीने काही करण्याची गरज आहे, तशी राज्यपालांची खात्री पटली आहे. मग 'त्याअर्थी, आता,' हे दोन स्वल्पविराम. त्यांच्यावर जरा थांबा, सगळी सत्ता त्या दोन स्वल्पविरामांत आहे. आणि शेवटी संविधानाच्या अनुच्छेद २१३ चा हात धरून 'प्रख्यापित करीत आहेत'. काढत नाहीत, जाहीर करत नाहीत. प्रख्यापित करतात.

शब्दाची कुळकथा पाहा. 'ख्या' हा संस्कृत धातू, अर्थ सांगणे. ख्याती, आख्यान, व्याख्यान ही सगळी याच घरची मंडळी. 'कुख्यात' हा वाया गेलेला भाऊ. प्रख्यात म्हणजे सर्वांना ठाऊक असलेला, आणि प्रख्यापित म्हणजे सर्वांना ठाऊक करून दिलेला. 'सर्वांना कळवणे' या एका गोष्टीसाठी आपण असा शब्द शोधून काढला की तो कुणालाच कळू नये. योगायोगाने एवढं नेमकं जमत नसतं.

भाषा संचालनालयाला मात्र हसू नका. १९६० साली राज्य झालं आणि त्याच वर्षी ते स्थापन झालं. इंग्रजीतल्या एकेका कायदेशीर शब्दाला वेगळा मराठी शब्द द्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. जाहीर करणे, प्रसिद्ध करणे, घोषित करणे यांची सरमिसळ झाली तर कोर्टात एका क्रियापदावर चार तारखा पडतात. तेव्हा त्यांना असे शब्द घडवणं भागच होतं. तुम्हाला भाग नाही, तरी तुम्ही ते वापरायचे आहेत, एवढाच फरक.

फक्त शब्द भलत्या जागी पडू देऊ नका, नाहीतर उघडे पडाल. अध्यादेश प्रख्यापित होतो. शासन निर्णय निर्गमित होतो. समन्स बजावतात. विचार प्रसृत होतात, पंथ प्रवर्तित होतो. अफवा मात्र नुसती उठते; तिच्या वाट्याला भारी क्रियापद आलं नाही आणि त्यावाचून तिचं कधी काही अडलंही नाही.

पूर्वी गावात हे काम हलगीवर चालायचं. 'ऐका हो ऐका' करत माणूस चावडीपासून वेशीपर्यंत जायचा. ओट्यावरच्या म्हातारीला कळायचं, गुराख्याला कळायचं, ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही कळायचं. अशा पद्धतीत साहेबाची काय पत राहणार? आणखी मागे गेलात तर अशोक. स्वतः सम्राट, हाताशी सोपाऱ्याची शिळा, कोरणारे तयार, वर हरकत घ्यायला वित्त विभागही नाही. आणि या गृहस्थाने कोरून घेतलं कशात, तर लोकांच्या प्राकृतात! संधी हुकली ती हुकलीच. आदेशाचे तुकडे आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

दवंडी कायद्यातून पुरती गेलेली नाही, हेही जाता जाता सांगतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ च्या नियम ५४ मध्ये, स्थावर मिळकतीवरची जप्ती दवंडी पिटून किंवा तिथल्या रूढ पद्धतीने जाहीर करायची तरतूद आहे. घर जाणार असेल तेव्हा मात्र ते माणसाला नीट कळलं पाहिजे, याबद्दल सरकार दक्ष असतं.

आता तुमच्यातले काही जण विचारतील, एवढा खटाटोप तरी कशाला? आदेश मनातल्या मनात काढावा, कुणाला सांगूच नये. हा मोह जयपूर संस्थानला झाला होता. ११ डिसेंबर १९२३ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला आणि कागद ठेवून दिला. दवंडी नाही, राजपत्र नाही. पुढे हरला नावाचा एक माणूस अफूसह सापडला, त्याला ५० रुपये दंड झाला. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की कायदा अमलात यायचा असेल तर तो आधी प्रख्यापित किंवा प्रसिद्ध झाला पाहिजे. बंद दाराआडच्या ठरावाने लोकांना बांधता येत नाही. हरला सुटला. बोस आमच्या नागपूरच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले, त्यामुळे पन्नास रुपयांचा मामला आहे म्हणून सोडून देणारे नव्हते.

यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच की अगदी गप्प राहणं धोक्याचं. सांगायचं, पण कळेल असं नाही. कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही. क्रियापदाचं अज्ञान तर कुणी सबब म्हणून पुढेच करत नाही, कारण तसं करायला आधी ते कबूल करावं लागतं.

घरातही प्रयोग करून पाहा. घरचं विधिमंडळ म्हणजे तुमच्या मातोश्री. त्या आषाढीला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाल्या की अधिवेशन संस्थगित झालं असं समजा. तीन आठवडे मोकळे. तातडीची परिस्थिती उद्भवल्याबद्दल स्वतःची खात्री पटवून घ्या, ती लवकर पटते. मग प्रख्यापित करा : 'दर रविवारी सकाळचा स्वयंपाक बंद राहील व मिसळ बाहेरून आणण्यात येईल.' संविधानाप्रमाणे अधिवेशन पुन्हा भरलं की अध्यादेश सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि मंजुरी मिळाली नाही तर सहा आठवड्यांनी तो आपोआप संपतो. घरी इतका अवधी लागत नाही. मातोश्री पंढरपूरहून परततात, दारात चपला काढतात, हातात प्रसादाचे चुरमुरे तसेच असतात आणि स्वयंपाकघराकडे नुसतं बघून विचारतात, "हा रस्सा कुणाकडचा?"

घाबरू नका. कार्तिकीला त्या पुन्हा जातील, तेव्हा तोच अध्यादेश पुन्हा प्रख्यापित करायचा. या कलेत आपण महाराष्ट्रीयांनी बिहार सरकारकडून शिकण्यासारखं खूप आहे. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा प्रख्यापित करून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले. अधिवेशन यायचं, जायचं. अध्यादेशाला नवी तारीख पडायची. त्यातला ऊस पुरवठा व खरेदीचा अध्यादेश १३ वर्षं ११ महिने १९ दिवस टिकला. आपल्याकडचा शेतकरी उसाचे दोन-तीन खोडवे घेतो, उतारा पडला की बेणं बदलतो. तिकडे त्यांनी कायद्याचाच खोडवा चौदा वर्षं घेतला आणि उतारा पडला नाही.

हे सुरळीत चाललेलं असताना एका पुणेकराने ते मोजलं. पुणेकराचं हे असंच असतं. गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करायला गेले आणि कायदे शोधता शोधता त्यांना अध्यादेशच अध्यादेश सापडले. १९८३ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, शिवाय सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल आला, ही संविधानाशी केलेली लबाडी आहे. वर बिहार सरकारने डॉ. वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यावेत. तेव्हा रविवारच्या मिसळीचा अध्यादेश पुन्हा पुन्हा प्रख्यापित करायचा असेल, तर घरात मोजदाद ठेवणारा कुणी नाही ना, एवढं आधी बघून घ्या. साधारणपणे धाकटी बहीण असते.

राहिले विचार. विचार प्रसृत करायला स्वतःचे असावे लागतात हा गैरसमज आहे. ओव्याच्या पाण्याने गुडघे बरे होतात, हे तुम्ही पहाटे साडेपाचला कुटुंबाच्या ग्रुपवर ढकलता आणि त्याला 'पाठवलं' म्हणता. पाठवतात लोणचं. तुम्ही म्हणायचं, 'ही भूमिका मी सातत्याने प्रतिपादन करीत आलो आहे.' लग्नात, पंगतीत, मठ्ठा घेता घेता म्हणायचं. समोरचा जिलेबी तोंडात असल्याने नुसती मान हलवतो, आणि विचार प्रसृत झाल्याची नोंद होते. माझ्या एका मावसभावाने याच पद्धतीने तीन जिल्ह्यांतले गुडघे ओव्यावर आणून ठेवलेत. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांचं ऑपरेशन श्रावणात आहे.

आमच्या इमारतीत हा सगळा सल्ला गेल्या महिन्यात मी स्वतः अमलात आणला. फळा भरून प्रख्यापन केलं, खाली तारीख, जावक क्रमांक, सही, शिक्का. दोन दिवसांत एकही फोन नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फळ्यासमोर थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं." मी कृतार्थ झालो. टाकी धुण्याच्या सकाळी सहा वाजता वॉचमन काठी आपटत जिन्याने वर चढला आणि दर मजल्यावर थांबून ओरडला, "ओ, पाणी जाणार हाय आठला, भरून घ्या!"

मीही उठलो आणि दोन बादल्या भरून घेतल्या.