दरवाज्यावरचा तो चौकोन: मॅग्नेटच्या बोर्डाबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं पण म्हटलं आधी उजेडात आपल्याच गाडीचा दरवाजा नीट बघू आणि मग लिहू, त्यात एक दिवस गेला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की स्वतःच्या गाडीवर धंद्याची जाहिरात करायची असेल तर मॅग्नेटचा बोर्ड, म्हणजे चुंबकाने दरवाज्याच्या पत्र्याला चिकटणारी पाटी, सगळ्यात सेफ, रंगाला काहीच होत नाही. प्रतिक्रिया देणाऱ्या यांनी तसा बोर्ड दोन्ही दरवाज्यांवर आठ महिने ठेवला, आणि काढला तर खाली गडद चौकोन उमटलेला, त्या चौकोनात बारीक ओरखडे, आणि खालच्या कडेला गंजाचा एक ठिपका. त्यांचं म्हणणं, असं अर्धवट लिहून लोकांच्या गाड्या खराब करू नका, त्यापेक्षा सरळ स्टिकर लावलेला बरा, आणि खरं तर घरच्या गाडीवर जाहिरात लावूच नये.

तर पहिली गोष्ट, "काहीच होत नाही" हे माझं वाक्य चुकीचं होतं. बोर्ड रोज काढून पुसायचा हे मी त्याच लेखात लिहिलंय, पण खाली कुठेतरी एका ओळीत, आणि वर मात्र ठळक अक्षरात "काहीच होत नाही". वाचणारा वरचंच लक्षात ठेवणार, त्यात तुमची काही चूक नाही. ती ओळ मी आज बदलली.

पण तुम्ही त्यावरून जो निष्कर्ष काढलाय की मॅग्नेट वाईट आणि स्टिकर चांगला, तो मला पटत नाही. कारण तुमच्या दरवाज्यावर जे तीन डाग आहेत ते तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी आलेत आणि त्यातलं एकही कारण चुंबक नाहीये.

ओरखड्यांचं बघा. हा बोर्ड म्हणजे फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकी पदार्थाची, पूड रबरासारख्या प्लास्टिकमध्ये मळून लाटलेली शीट, गाडीसाठीची चांगली शीट साधारण पाऊण मिलिमीटर जाड असते. ती मऊ असते, ती स्वतः रंगाला ओरखडत नाही, ओरखडते ती तिच्याखाली गेलेली धूळ. आणि आपल्या गाडीचा सगळ्यात वरचा थर, क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक लेप, तो असतो साधारण ४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. गाडी चालताना दरवाजा थरथरतो, बोर्ड केसभर इकडे तिकडे सरकतो आणि खालची कचकच पॉलिश पेपरसारखी काम करते. बोर्ड ओढून सरकवत काढला तर अजूनच. म्हणून तो एका बाजूने उचलायचा, सरकवायचा नाही, आणि परत लावायच्या आधी बोर्डाची पाठ आणि दरवाजा दोन्ही पुसून कोरडे करायचे. मी ओलसर मायक्रोफायबरने पाठ पुसतो तेव्हा एका दिवसात कपड्यावर करडी रेघ उठते, ती एकदा डोळ्यांनी बघितली की मग कोणी सांगावं लागत नाही. आठ महिन्यांची किती साठली असेल विचार करा.

गंजाचा ठिपका, तो चुंबकामुळे येत नाही. तिथे आधीच खडा लागून रंगाचा टवका उडालेला असणार, दरवाज्याच्या खालच्या भागात चाकाने उडवलेले खडे लागतातच, आणि वर बोर्ड असल्यामुळे आत गेलेली ओल सुकलीच नाही. उघडं असतं तर पाऊस पडून गेल्यावर उन्हात सुकलं असतं. म्हणजे दोष झाकून ठेवण्याचा आहे.

आता चौकोन. हाच खरा मुद्दा आहे आणि इथेच स्टिकरवाल्यांची बाजू लंगडी पडते. तो चौकोन म्हणजे बोर्डाने रंग गडद केला असं नाही, बोर्डाखालचा रंग होता तसा राहिला आणि आजूबाजूचा उन्हाने फिका पडला. लाल रंगात हे लवकर दिसतं, आणि ज्या जुन्या गाड्यांवर क्लिअर कोटच नाही त्यांच्यावर तर फारच. हे स्टिकरखालीही तंतोतंत असंच होतं! उलट जास्त, कारण बोर्ड निदान रात्री, सुट्टीच्या दिवशी निघतो, कधी चार बोटं वर कधी खाली लावता येतो, स्टिकर पाच वर्षं त्याच जागेवर. मी एक गाडी बघितली आहे जिच्यावरचा स्टिकर कधीच काढून टाकलेला होता पण तिरप्या उन्हात दरवाज्यावर जुन्या मालकाचा फोन नंबर अंक न् अंक वाचता येत होता. गाडी विकली गेली, धंदा कदाचित बंद झाला असेल, नंबर तिथेच.

त्यामुळे माझं मत आता असं आहे, आणि मागच्या लेखात हे मी स्पष्ट म्हणायला हवं होतं, की कुठलीही गोष्ट गाडीवर लावायच्या आधी ती निघणार कशी आणि कधी हे ठरवायचं. लावण्याचं काम सगळेच नीट करतात, गाडी नवीन दिसते, फोटो काढतो आपण. रंग खराब होतो तो नंतरच्या दुर्लक्षात नाहीतर काढताना.

स्टिकरचं मी ऐकीव बोलत नाही. मी शिलाई मशीन दुरुस्तीचं काम करतो, लोकांच्या घरी जाऊन, आणि मॅग्नेटच्या आधी माझ्या गाडीच्या बोनेटवर आणि मागे स्टिकरच होता, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो तसलं कटिंग केलेलं. ज्याने बसवलं त्याला मी विचारलं नाही कुठलं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, आहे, आणि विचारायचं असतं हे मला माहीतही नव्हतं. व्हिनाइल दोन जातीचं असतं. एक कॅलेंडर्ड, म्हणजे गरम रोलरमधून दाबून लाटलेलं, थोडं जाड, स्वस्त, आणि लाटताना ताणलेलं असल्यामुळे ते पुढे आक्रसतं. दुसरं कास्ट, म्हणजे पातळ ओतून भट्टीत सुकवलेलं, साधारण ५० मायक्रॉन, त्यात ताण नसतो म्हणून ते जागच्या जागी राहतं आणि काढतानाही अखंड निघतं. माझं पहिल्या जातीचं होतं. तीन वर्षांत त्यातला मऊपणा उन्हाने निघून गेला, अक्षरांच्या कडा आत सरकल्या आणि कडेने गोंदाची काळी रेघ उघडी पडली. काढायला बसलो तर नखाएवढा तुकडा यायचा आणि तुटायचा, परत नखाएवढा, परत तुटायचा, आणि गोंद सगळा खालीच. एका फोन नंबरला अख्खी दुपार गेली.

आणि बोनेटवर तर एके ठिकाणी स्टिकरबरोबर रंगच निघून आला, खाली राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसायला लागला. तेव्हा कळलं की ते बोनेट आधी कधीतरी परत रंगवलेलं होतं, गाडी मी जुनी घेतली होती आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात रंग साधारण १४० डिग्रीला भाजून पक्का होतो. बाहेर परत रंगवताना तेवढी उष्णता देताच येत नाही, प्लास्टिक, वायरिंग सगळं गाडीला लागलेलं असतं, त्यामुळे तो कमी तापमानावर किंवा नुसता हवेवर सुकवतात, आणि खालची घासाई नीट झाली नसेल तर त्याची पकड मुळात कच्ची असते. चांगल्या गोंदाची पकड त्याच्यापेक्षा जास्त निघाली की स्टिकर ओढला की पोपडा. तेव्हा "सरळ स्टिकर लावा" हा सल्ला सगळ्यांना देऊ नका असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो, ज्याची गाडी जुनी घेतलेली आहे त्याने आधी तपासावं.

तपासायला सोपी युक्ती आहे. छोटा, फार ताकदीचा नसलेला चुंबक पातळ कपड्यात गुंडाळायचा आणि दरवाजाभर हळूहळू टेकवत फिरवायचा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे आत लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली आहे, म्हणजे ती जागा ठोकून, भरून, परत रंगवलेली. तिथे मॅग्नेटचा बोर्ड नीट धरणार नाही आणि स्टिकर रंग घेऊन येऊ शकतो, दोन्ही कळतं एका फटक्यात. नुसता रंग मारलेला असेल, लांबी नसेल तर मात्र चुंबकाला ते कळत नाही, त्याला रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्याच्या दुप्पट आकडा आला तर समजून जायचं. आणि चुंबक कुठेच चिकटला नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा किंवा भाग फायबरचा आहे, मग बोर्डाचा विचारच सोडून द्या. ताज्या रंगाचं पण आहे, मॅग्नेट शीट बनवणारे नव्या रंगाला ९० दिवस, नव्या क्लिअर कोटला ६० दिवस आणि वॅक्सला २ दिवस थांबायला सांगतात. रंग वरून कोरडा वाटला तरी आतलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, वाफ होऊन बाहेर पडत असतं, वर झाकण घातलं की ते अडकतं.

स्टिकरच लावायचा असेल तर कास्ट आणि निघणाऱ्या गोंदाचा मागा, आणि गाडीवर ठेवून ब्लेडने कापू देऊ नका. अक्षरं आधीच कापून आणलेली असावीत. ४० मायक्रॉनच्या थरावर ब्लेड फिरलं की चीर पडतेच, फक्त ती स्टिकर काढेपर्यंत दिसत नाही. काढताना हेअर ड्रायरने हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवायचं, कोपरा नखाने उचलायचा आणि स्टिकर त्याच्याच अंगावर उलटा दुमडून अगदी सावकाश ओढायचा. काटकोनात बाहेर ओढलं तर सगळा जोर रंगावर येतो. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आधी दरवाज्याच्या आतल्या कडेला लावून बघून. थिनर नको, परत रंगवलेल्या भागाचा रंगच विरघळवेल.

आणि या सगळ्यापेक्षा मला आता आवडायला लागलेली जागा म्हणजे मागची काच. काचेला रंग नाही, विषय संपला. शिवाय बाजूचा दरवाजा समोरच्याला क्षणभर दिसतो, सिग्नलला थांबलेला माणूस मात्र तुमची मागची काच मिनिटभर बघत बसतो. बाहेरच्या बाजूने लावा, आतल्या बाजूला काच गरम करायच्या तारा असतात, काढताना त्या खरवडल्या जातात. मजकूर थोडा ठेवा, काम काय आणि नंबर, बस्स. अक्षराच्या दर इंच उंचीला साधारण १० फुटांवरून सहज वाचता येतं असा हिशोब धरतात, त्यामुळे पाच ओळी कोंबल्या तर कोणीच वाचत नाही. मागचं दिसणं अडणार नाही आणि तुमच्याकडे काचेवर काय लावायला परवानगी आहे तेवढं आधी बघा.

घरच्या गाडीवर जाहिरात लावूच नये, यावर मी वाद घालणार नाही. माझी अर्धी कामं बोर्ड बघून आलेली आहेत, दुकान नसलेल्या माणसाची ती पाटीच असते. विमा कंपनीला कळवून ठेवा एवढं मात्र नक्की सांगेन.

तुमच्या दरवाज्याचं आता. चौकोनाची घाई करू नका, बोर्ड न लावता काही महिने उन्हात जाऊ द्या, फरक थोडा कमी होतो, मग चांगल्या माणसाकडून हलकं पॉलिश करून घ्या, ओरखडेही त्यातच बरेचसे जातील. एकाच जागी फार घासू देऊ नका, क्लिअर कोट परत येत नाही. पण तो गंजाचा ठिपका या आठवड्यातच बघा, साफ करून, प्रायमर आणि टचअप लावून बंद करा, तो थांबणारा नाही. आणि जमलं तर बोर्डाची पाठ कशी झालीय त्याचा एक फोटो पाठवा, कडा वाकल्या असतील तर तो बोर्ड परत लावू नका, पुढच्या कडेतून वारा शिरला की वेगात तो उडून मागच्या गाडीवर जातो.