पापणी न लवता

आपला लाडका एपिसोड दार लावून, एकट्याने, हवा तितक्या वेळा बघावा. तो दुसऱ्याला दाखवायला जाऊ नये. हे मला पूर्ण पटलेलं आहे, आणि तरीही घरात कोणी तासभर मोकळं सापडलं की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. या खेपेला सापडल्या सासूबाई. रविवार, त्यांच्या मालिकांना सुट्टी, भाजी निवडून झालेली.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका, काळात मागेपुढे फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाची, 1963 साली सुरू झाली. मध्ये मोठा खंड पडला, तरी इतक्या वर्षांचा पसारा नवख्या माणसाला समजावायचा म्हणजे कुठल्या टोकाने? म्हणून आम्हा चाहत्यांचा एक ठेवणीतला एपिसोड असतो: ‘ब्लिंक’. 9 जून 2007 रोजी दाखवलेला. मागचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही, कारण त्यात खुद्द डॉक्टरच जेमतेम दिसतो. त्या काळात वेळापत्रक सांभाळायला दोन भागांचं शूटिंग एकाच वेळी चालायचं, त्यामुळे एका भागात नायकावाचून भागवावं लागे. लेखक स्टीव्हन मोफॅटने असं काही भागवलं की पुढच्या वर्षी त्या एपिसोडला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

त्यातले खलनायक म्हणजे दगडी देवदूत. हातांनी तोंड झाकून रडत उभे असल्यासारखे. कोणी बघत असेपर्यंत निव्वळ दगड. नजर हटली, पापणी लवली, की पुढे सरकलेच. ज्याला शिवतील तो थेट भूतकाळात जाऊन पडतो. सबंध एपिसोडमध्ये ते एकदाही हलताना दिसत नाहीत. पुतळा म्हणून खऱ्या नट्या रंग फासून निश्चल उभ्या होत्या, ही माहिती मी सुरुवातीलाच देऊन टाकली.

“बिचाऱ्या,” सासूबाई म्हणाल्या. “उन्हात?”

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीची आई पाहुण्यांच्या बशीकडे बघते, तशी मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. आता दचकतील. आता डोळे विस्फारतील. एपिसोडची नायिका सॅली स्पॅरो एका ओसाड घरात भिंतीचा कागद फाडते आणि खाली तिच्याच नावाने लिहिलेला निरोप निघतो, 1969 सालचा! मला अजूनही काटा येतो. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

“दुसऱ्याच्या भिंतीचा कागद असा फाडतात का?” एवढंच.

सॅलीची मैत्रीण 1920 सालात जाऊन पडते आणि त्याच क्षणी तिचा नातू तिचं पत्र घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा मी श्वास रोखला.

“म्हणजे लग्न झालं तिचं?”

“हो आई, पण ती...”

“मग चांगलंच झालं की. पत्रही धाडलं आठवणीने. आमचा भाचा अमेरिकेत गेलाय, त्याला साधा फोन करायला होत नाही.”

डॉक्टरही 1969 मध्ये अडकलाय, हे कळल्यावर मात्र त्या जरा सावरून बसल्या. “एकोणसत्तरला मी अकरावीला, मॅट्रिकला. त्या देवदूतांना सांगावं, कुठेही पाठवा, पण त्या गणिताच्या पेपराच्या आधी नको.” तिथे त्याची सोबतीण मार्था दुकानात नोकरी करून डॉक्टरला पोसतेय, हे वाक्य ओझरतं येऊन जातं. मी इतक्यांदा पाहूनही त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. सासूबाईंनी नेमकं पकडलं. “ती राबतेय आणि हा बसलाय गप्पा मारत. मग हा डॉक्टर कसला?”

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी बघत असले की त्या दगड. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळले की मागून “अगं बाई!” मी गर्रकन वळावं, तर पुन्हा दगड. इन्स्पेक्टर बिली तरुणपणी सॅलीचा फोन नंबर मागतो आणि तिच्या हिशेबाने थोड्याच वेळात तिला भेटतो तो म्हातारा होऊन, दवाखान्यातल्या खाटेवर. बाहेर पाऊस. तो थांबेपर्यंतच त्याचं आयुष्य. तेव्हा मी मुद्दाम पंख्याकडे बघत राहिले. शेजारी पदर नाकाशी गेल्याचा आवाज आला. मान वळवली.

“सर्दी झालीय,” दगड म्हणाला.

शेवटच्या तळघरात देवदूत दात विचकून अगदी तोंडाशी आलेले असताना फोन वाजला. मावशींचा. “थांबव गं जरा,” म्हणत सासूबाई गॅलरीत गेल्या. थांबवलं. पडद्यावर तो जबडा, बेचाळीस इंची.

आता नवख्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण 2010 च्या एपिसोडमध्ये असं उघड झालंय की देवदूताचं नुसतं चित्रसुद्धा शेवटी देवदूतच होतं. टीव्हीतून बाहेर येतो, हे दाखवलंय. हे सगळं खोटं असतं हे मला कळतं. मी बँकेत कर्जाची प्रकरणं तपासते. तरी मी खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटत पहारा देऊ लागले. गॅलरीत मावशींच्या गुडघ्याचा एक्सरे सविस्तर चालला होता. नवरा चार्जर शोधत आला आणि बरोबर मध्ये उभा राहिला. मी किंचाळले.

“बंद का करत नाहीस?” त्याने विचारलं. याला काय उत्तर देणार?

पुढचं पटकन संपलं. निळी पोलीस पेटी, म्हणजे डॉक्टरचं कालयान, मधून नाहीशी होते, चारी बाजूंचे देवदूत एकमेकांसमोर येतात आणि एकमेकांना बघून कायमचे थिजतात. यापेक्षा देखणा शेवट मी टीव्हीवर पाहिलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, “बरं होतं. पोरगी गुणी आहे.” पोरगी म्हणजे कॅरी मलिगन, जी पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. पण तेवढ्यात त्या कुकर लावायला उठल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर त्या माझ्याकडे पाठ करून फोनवर. चपला हातात घेऊन मी दारातच थांबले. बघायचं नाही, फक्त ऐकायचं, एवढं आता शिकले होते.

“डॉक्टर आहे, पण दवाखाना नाही गं त्याचा... नाही, भूत नाही, पुतळे! आणि मला एक सांग, तो संवाद लिहिलेला कागद ती पोरगी त्याला देते, तो तेच वाचून बोलतो, आणि तो बोलतो तेच पोरगा कागदावर उतरवतो. मग पहिल्यांदा लिहिलं कोणी? रात्रभर झोप नाही मला.”

मला तिथल्या तिथे त्यांना मिठी मारावीशी वाटली. दम धरला.

“शेवटी कसं फसवलं ते नाही सांगणार. तू रविवारी येच. मध्ये बोलायचं नाही, फोन बंद ठेवायचा. आणि हो, आमची सून शेजारी बसून टक लावून बघत राहते. तिकडे लक्ष द्यायचं नाही. आपण गप्प बसलं की ती काही करत नाही.”