नांदूर मध्यमेश्वरचा गाळ काढा म्हणणं सोपं आहे

नाशिक जिल्ह्यातलं, गोदावरीवरचं नांदूर मध्यमेश्वर. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आमच्या पाहुण्यांना ते आठवतं क्युसेकमध्ये, कारण इथून सोडलेलं पाणी त्यांच्या जायकवाडी धरणात जातं. "आज किती सोडलं?" एवढाच प्रश्न. हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे मित्र हातभर लेन्स घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर चढतात, त्यांना ते चक्रवाक आणि रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक. आणि चांदोरी-सायखेड्याच्या माणसाला विचाराल तर पुराचं पाणी दुकानात कुठवर चढलं होतं, ती भिंतीवरची खूण तो दाखवेल. तिघांचं नांदूर मध्यमेश्वर वेगळं. पण हल्ली तिघंही एका वाक्यावर येऊन थांबतात: गाळ काढा एकदाचा.

मला या वाक्याबद्दल बोलायचंय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट मान्य करू. इथली पाणथळ गाळानेच घडवलीय. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांनी 1907 ते 1911 या काळात बंधारा घातला, तो कोपरगाव-राहात्याकडे जाणाऱ्या कालव्यांना पाणी मिळावं म्हणून. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. पाणी थबकलं, त्याच्याबरोबर आलेली माती खाली बसली, बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती माजल्या आणि मग पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे नाव सलीम अलींनी दिलं असं सांगतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, होण्याचा मानही यालाच मिळाला, लोणारचा नंबर नंतर लागला. रामसरच्या नोंदीत इथल्या 536 प्रजाती आहेत. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी साठवणक्षमतेची घट, तीच वनखात्याच्या फलकावर वैभव.

मग राहू द्या ना गाळ, असं कुणी पक्षीमित्र म्हणेल. तिथेच अडचण आहे, कारण गाळ थांबत नाही. शेकाट्याचे पाय वीतभर, तो तेवढ्याच पाण्यात चालणार. थापट्या बदक चोचीने पाणी गाळतं, तलवार बदक शेपूट वर करून मान पोचेल तिथवरचं खातं. गुडघाभर पाणी यांना पुरतं. तिथे गाळ आणखी हातभर चढला की पाणी संपतं आणि बेशरमीची झुडपं उगवतात. बेशरमीच्या बुडख्यात पुढच्या पुराची माती अडकते, उंचवटा वाढतो, मग गवत, मग बाभळी. पाणी उतरलं की गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी. गहू-हरभरा पेरणाऱ्याला मी दोष देणार नाही. धरणात जमिनी गेलेल्यांच्या नातवंडांनी उघड्या पडलेल्या काळ्या मातीकडे नुसतं बघत बसावं, असं सांगणारा मी कोण? पण फवारणी त्याच पाण्याच्या काठावर होते, हेही खरं.

मे महिन्यात पाणी मागे सरलं की काठावर जाऊन बघा. गाळ वाळून त्याचे ताटाएवढे तुकडे झालेले असतात, कडा वर वळलेल्या, मध्ये शिंपले रुतलेले. त्यातलं एक ढेकूळ आडवं फोडा. आत रेघा दिसतात. खाली बारीक वाळूची खरबरीत पट्टी, वर लोण्यासारखी गुळगुळीत चिकणमाती, पुन्हा वाळू, पुन्हा चिकणमाती. पुराचा जोर असतो तेव्हा जड कण आधी बसतात, पाणी निवळतं तसे हलके. प्रत्येक जोडी म्हणजे बहुधा एकेक पूर.

हीच वाटणी लांबीतही होते. वाहती नदी साचलेल्या पाण्याला जिथे भिडते, तिथे ती आधी गोटे टाकते, मग रेव, मग वाळू, आणि बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतो तो फक्त बारीक पोयटा. म्हणून फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्याच्या, वरच्या शेपटाकडे नदीचं पात्र आधी उचललं जातं. पुराला जागा उरत नाही. त्यात सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात आणि पाणी गावात शिरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते त्या गावांना विचारा. त्यांचा राग खोटा नाही.

पण उपाय म्हणून जे डोळ्यांपुढे येतं ते म्हणजे पोकलेन, हायवा आणि बंधाऱ्याच्या पोटात सरसकट खोदाई. मला हे पटत नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही 2017 ची योजना मुळात चांगली आहे. गावतळी, पाझर तलाव यांना ती शोभते. माझ्या ओळखीतल्या मुरमाड रानांचं त्या मातीने सोनं झालंय. रामसर पाणथळीत मात्र जिथे पोकलेन उतरेल तिथे दोन पुरुष खोल खड्डा होईल. म्हणजे ना शेकाट्याला उपयोग, ना तलवार बदकाला. खोदायचं असेल तर मुख्य पात्र मोकळं करा, वरच्या शेपटाला जिथे वाळू-रेव साठलीय तिथे करा, दरवाजांच्या समोर करा. बाजूच्या पसरट उथळ भागाला हात लावू नका. एवढं साधं आहे. तरी निविदेत हा भेद सहसा नसतो, कारण पैसे घनमीटरवर मिळतात आणि घनमीटर कुठलाही सारखाच.

आणि वरून येणाऱ्या मातीचं काय? काढलेला खड्डा दोन-चार पुरांत पुन्हा भरणार.

स्पेनमध्ये दोन्याना नावाची पाणथळ आहे, युरोपातली नावाजलेली. तिच्या वरच्या अंगाला एल पार्तिदो नावाचा ओढा. 1980 च्या दशकात शेतीसाठी जमीन मोकळी करायची म्हणून तो ओढा सरळ केला, कालव्यासारखा. पूर्वी तो पुराच्या वेळी आजूबाजूला पसरायचा आणि वाळू तिथेच टाकून द्यायचा. सरळ झाल्यावर पाण्याला वेग आला, त्याने स्वतःचाच तळ आणि काठ खरवडले आणि सगळी वाळू एल रोसियो गावाजवळ थेट दलदलीत आणून ओतली. पाणथळीत वाळूचा पंखा पसरला. पुढे सरकारने पैसे खर्चून त्या ओढ्याला पुन्हा पसरायला जागा करून दिली, म्हणजे वाळू दलदलीच्या बाहेरच बसावी.

आता आपल्याकडे बघा. गेल्या दहा वर्षांत किती नाले जेसीबीने खोल, रुंद आणि सरळ केले? पाणी अडेल म्हणून केले, काही ठिकाणी अडलंही. पण काठावरची करंजाची, उंबराची झाडं गेली, उघडे काठ उभे कापले गेले, आणि काढलेली माती तिथेच काठावर ढीग करून ठेवली. पहिल्या वळवाला ती परत नाल्यात. तिथून कादवेत, बाणगंगेत, दारणेत, गोदेत, आणि मुक्काम शेवटी नांदूर मध्यमेश्वरला. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधली जमीन लख्ख ठेवायची पद्धत (मीही ठेवायचो), शेताचे बांध दरवर्षी नांगराने एकेक वीत खाणं, त्र्यंबक-इगतपुरीकडे डोंगर कापून उभे राहणारे प्लॉट हे सगळं त्यात धरा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी 2021 मध्ये डोंगर फोडायला लागले तेव्हा ओरड झाली ती गोदावरीच्या उगमासाठी, आणि योग्यच झाली. पण त्या मुरमाचं पुढे काय होतं, हे खाली निफाडकरांना भोगायला लागतं.

गंमत बघा. पाण्याच्या प्रत्येक थेंबावर आपण हक्क सांगतो. नाशिक-नगर एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला, जायकवाडी 65 टक्के भरलं नाही तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा मेंढेगिरी समितीचा हिशेब, कोर्टकचेऱ्या. त्याच पाण्यातून जाणाऱ्या मातीवर मात्र कुणीच हक्क सांगत नाही. वरच्या धरणांतून पाणी किती सोडलं याची तासातासाची नोंद होते. त्याबरोबर माती किती गेली, हे कुठल्या पेपरात वाचलंय?

एक जुनी युक्तीही आहे. इजिप्तमध्ये इंग्रजांनीच 1902 मध्ये आस्वानचं पहिलं धरण पूर्ण केलं. त्याला खालून दारं ठेवली, नाईलचा गढूळ पूर त्यांतून जाऊ द्यायचा आणि पूर ओसरताना निवळलेलं पाणी अडवायचं. आपल्याकडेही मोसमाच्या सुरुवातीचे चहाच्या रंगाचे लोंढे शक्य तेवढे पुढे जाऊ द्यावेत, साठा नंतर करावा, असं मला वाटतं. हो, मग तो गाळ जायकवाडीत जाईल. माहीत आहे, आणि पैठणकर मला शिव्या घालतील. म्हणूनच म्हणतो की काम वर, शिवारात आणि नाल्याच्या काठावर व्हायला हवं.

निफाड तालुक्यातल्या मित्रांना एकच विनंती. गाळ काढायची पुढची निविदा निघेल तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवू नका, नकाशा मागा. कुठून काढणार, किती खोल, आणि कोणत्या महिन्यात, हे विचारा. मार्चपर्यंत पाहुणे पक्षी पाण्यावर असतात, तेव्हा एप्रिल-मे शिवाय मशीन उतरू देऊ नका. आणि गाळाबरोबर वाळू निघालीच, तर ती कुणाच्या ट्रॅक्टरमधून कुठल्या गावाला गेली, त्याचीही पावती मागा.