बगीचा कोणाचा?

बसस्टँडमागच्या आपल्या बगीच्याचं 'सौंदर्यीकरण' होणार म्हणे. पेव्हर, लॉन, कारंजं, अन् बदाम काढलेला गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट. माझा विरोध आहे. कारण सांगतो.

गावात माणसांना बसायला जागांची कमी नाही. मारुतीचा पार आहे, पानठेला आहे, चहाची टपरी आहे. बाया कुठं बसतात? आधी हापशीवर गुंड भरता भरता दोन शब्द व्हायचे. नळ घरात आला, सोय झाली, पण ते बोलणं गेलं. पारावर एखादी सून टेकली तर "काहून बसली वं इथं?" विचारणारे चार जण निघतात. बगीच्यात कोणी विचारत नाही. लेकरू झोक्यावर, माय निंबाखाली. बचतगटाचा हिशेब तिथंच होतो. निंदणाची मजुरी यंदा किती मागायची, हेही तिथंच ठरतं. (आम्हा वावरवाल्यांना ते जड जातं, ही गोष्ट वेगळी.)

आता त्या निंबाच्या बुडाशी पेव्हर ठोकणार. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत धग सोडतं, अन् पावसाचं पाणीही मुळांपर्यंत नीट पोचू देत नाही. लॉनला रोज पाणी लागतं. नळ दिवसाआड येणाऱ्या गावानं ते कुठून आणायचं? ओपन जिमचं लोखंड पाहा, उन्हाळ्यात दिवस मावळेपर्यंत हात लावता येत नाही. निंबाला मात्र चैत्रात पालवी फुटते अन् नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेस्तोवर सावली दाट होते. शेजारी करंज लावा, उंबर लावा. बुडाशी माती मोकळी ठेवा. एक बोअरची तोटी, एक दिवा अन् बायांसाठी बंद दाराचं संडास, एवढं झालं तरी पुरे. कारंजं दोन महिन्यांत बंद पडतं, हे काय मी सांगायला पाहिजे?

अन् फाटकाचं कुलूप काढा. 'पोट्टे रात्री पितात' म्हणून दुपारी बायांना बाहेर ठेवणं हा कुठला न्याय? पिणाऱ्यांना आवरा.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे. ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायचा कायदाच आहे. आपल्याकडं नुसत्या सह्या घेऊन ती उरकतात. यंदा ती खरोखर घ्या, अन् आराखडा आधी तिथं ठेवा. शक्यतो बगीच्यातच, निंबाखाली.