'डीपीआय ३०० करा' म्हणणाऱ्या मेसेजनं काकांचा चेहरा बिघडवला

गंगाखेडच्या माझ्या मावशीनं काकांच्या वर्षश्राद्धासाठी त्यांचा फोटो मोठा करून घेतला. १२ × १८ इंचांची फ्रेम. मी दोन दिवस आधी पोचलो तर ती फ्रेमसमोरच बसलेली. म्हणाली, "बघ की रे, हे असे कामून दिसायलेत? दवाखान्यातून घरी आणलं तवा होते, तसेच दिसायलेत." काका गोल चेहऱ्याचे, अंगानं भरलेले. फ्रेममधल्या माणसाचे गाल बसलेले आणि मान लांबलेली.

हे कुणी केलं विचारल्यावर नातवानं फोन पुढं केला. "स्टुडिओवाले हे कधीच सांगणार नाहीत" असा मथळा असलेला मेसेज. मलाही तो निदान चार ग्रुपवर आलाय. त्याचं सांगणं असं: फोटोचा डीपीआय (छापताना इंचाला किती ठिपके, तो आकडा) ७२ चा ३०० करा, फोटो चौपट स्पष्ट होतो, फ्रेमच्या मापाला बसत नसेल तर थोडा ओढून बसवा, कुणाला कळत नाही, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो किंवा स्क्रीनशॉटही चालतो, फोटोभोवतीची पांढरी बॉर्डर म्हणजे मोठी फ्रेम विकायची युक्ती, हवीच असेल तर बारीक रेघ पुरे, आणि काम झालं की मूळ फोटो काढून टाका, जागा वाचते. परभणीत फोटो छापून फ्रेम करून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळं यातलं एकेक वाक्य मला रोज निस्तरावं लागतं.

आधी ओढण्याचं, कारण काकांचं तेच झालं. बहुतेक मोबाईलचा फोटो तीनास चार या प्रमाणात निघतो. काकांचा फोटोही ३००० × ४००० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या बारीक ठिपक्यांचा होता. असा उभा फोटो १२ इंच रुंद केला तर उंची १६ इंच होते. फ्रेम १८ ची. मधले दोन इंच कुठून आणणार? नातवानं ओढून आणले, म्हणजे दर आठ इंचांचे नऊ झाले. डोंगर किंवा झाड एवढं ओढलं तर कदाचित खपेल. माणसाचा चेहरा नाही खपत. ज्या बाईनं पंचेचाळीस वर्षं तो चेहरा समोर बघितला, तिला ते मापपट्टीशिवाय कळलं. छापणाऱ्यानंही आलेली फाइल तशीच छापून दिली, एका शब्दानं विचारलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

न ओढता १२ × १८ भरायचं असेल तर कापावं लागतं. फोटो १३.५ × १८ करून दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच छाटायचा. काकांच्या फोटोत एका बाजूला मावशीचा हात त्यांच्या खांद्यावर आहे, तोच गेला असता. म्हणून बॉर्डर. फोटो ९ × १२ ठेवा आणि चारही बाजूंना दीड-दीड इंच पांढरी जागा सोडा, बरोबर १२ × १५ होतं. ही फ्रेम सहज मिळते. काही ओढायचं नाही, काही कापायचं नाही. फोटोशॉपमध्ये आधी 'इमेज साइज'मध्ये फोटो ९ × १२ इंच, ३०० वर घ्या, तो २७०० × ३६०० होतो. मग 'कॅनव्हास साइज'मध्ये ३६०० × ४५०० करा, फोटो मधोमध. दोन मिनिटांचं काम आहे.

आता डीपीआय. ३०० ही संख्या खरी आहे, एवढं मान्य. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल असले की छपाई चांगली येते. भिंतीवर लांबून बघायच्या फोटोला दीडशे-दोनशेही पुरतात. पण ७२ चा आकडा बदलून ३०० केला म्हणून फोटोत एक पिक्सेलही वाढत नाही. फोटोच्या फाइलमध्ये माहिती कशी लिहायची याचं एक्झिफ नावाचं मानक आहे, जपानच्या जेईटा आणि सीआयपीए या संस्थांचं. त्यात स्पष्ट लिहिलंय की रिझोल्यूशन, म्हणजे इंचाला किती पिक्सेल ते, माहीत नसेल तर ७२ नोंदवावं. म्हणजे तो ७२ तुमच्या फोटोचा दर्जा सांगतच नाही. रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेला आकडा आहे तो. भाकरीचा गोळा जेवढा घेतला तेवढाच. मोठी थापली की पातळ होणार. डीपीआय म्हणजे केवढी थापायची एवढं सांगणारी चिठ्ठी. चिठ्ठीवर काहीही लिहा, परातीतलं पीठ वाढत नाही.

काही अॅप खरंच पिक्सेल वाढवतात, पण ते अंदाजानं भरलेले असतात. 'चेहरा स्पष्ट करणारी' अॅप तर त्याहून वाईट. नातवानं तेही करून बघितलं होतं, त्यात काकांच्या गालावरचे देवीचे व्रणच पुसले गेले.

व्हॉट्सअॅपवरून साधे पाठवलेले फोटो माझ्याकडे येतात ते बहुतेक १२०० × १६०० चे असतात. १८ इंचांवर ताणले तर इंचाला ९० सुद्धा पिक्सेल उरत नाहीत. फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. स्क्रीनशॉटबद्दल बोलायलाच नको.

बारीक रेघेबद्दल मात्र बोलतो. फ्रेमच्या पट्टीखाली फोटोची कड साधारण पाव इंच झाकली जाते. तुमची रेघ तिथंच जाते, आणि उरली तरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. मोठी फ्रेम महाग पडते हे खरं आहे. पैसे वाचवायचे तर सरळ ९ × १२ ची फ्रेम घ्या, बॉर्डर नको. पण १८ ची घेऊन माणूस ओढू नका. आणखी एक, मेसेजमध्ये नसलेलं: छापलेल्या बॉर्डरनं फोटो काचेपासून लांब राहत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, फोटो काचेला चिकटतो. ते टाळायला खिडकी कापलेला जाड माउंटचा पुठ्ठाच लागतो.

शेवटचा मुद्दा वाचून माझे हातपाय गार पडले होते, कारण नातवानं तोही पाळला होता. मूळ फोटो डिलीट. फोनच्या गॅलरीत 'रिसायकल बिन' उघडलं, फोटोखाली '४ दिवस बाकी' असं लिहिलेलं होतं. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर तो फोटो कुठंच नव्हता.

वर्षश्राद्धाला १२ × १५ ची फ्रेम लागली, बॉर्डर आणि माउंटसकट. मूळ फाइल आता मावशीच्या फोनमध्ये, माझ्या कॉम्प्युटरवर आणि नातवाच्या पेनड्राइव्हवर आहे.