हात तर चालतोय ना?

डाव्या कानातलं ग्रीस अजून पूर्ण निघालेलं नाही. आज तिसरा दिवस. बायको म्हणते, खोबरेल कोमट करून घाला. मी म्हणतो, एक वंगण काढायला दुसरं कशाला? त्यावर ती म्हणते, मशीनला तर सगळं वेळेवर घालता. इथून पुढे तो विषय मी वाढवत नाही.

झालं असं, की सांगोल्याच्या बाजूला एका डाळिंबवाल्याचं शेततळं काढत असताना माझ्या पोकलेनचा डावा पट्टा, म्हणजे चाकांच्या जागी असते ती लोखंडी चेन, उतरला. मशीन वीस टनी, १९९८ सालचं. तासांचं मीटर १४,३०० वर बंद पडलंय, तेव्हापासून वय विचारायचं नाही असा आमचा करार आहे. पट्टा ताणून धरणारा ग्रीसचा सिलिंडर असतो, त्याचं सील गेलं. पट्टा सैल झाला, आणि मी भरावाच्या उतारावर जागच्या जागी वळायला गेलो. चूक माझी. सैल पट्ट्यावर उताराला वळायचं नसतं, हे मी आजवर तीन ऑपरेटरांना ओरडून शिकवलंय. तिसरा ते ऐकून घरी गेला तो आलाच नाही, म्हणून तर लिव्हरवर मी होतो.

पट्टा चढवायला काय लागतं? वरचं धड आडवं फिरवायचं, बकेट जमिनीवर दाबून मशीनची एक बाजू उचलायची, खाली ओंडके सारायचे. मग बाजूला बसून ग्रीसचा व्हॉल्व सैल करायचा, एक आटा, जास्त नाही. आत दाब असला तर व्हॉल्व गोळीसारखा सुटतो, म्हणून समोर तोंड न्यायचं नाही. मी नेलं. सीलच फाटलेलं, दाब उरला नव्हता, म्हणून कानावर निभावलं. मग आयडलर, म्हणजे पट्ट्याचं पुढचं चाक, चेनपुळीने बाहेर ओढा, सील बदला, आणि टनाच्या वर वजनाची ती चेन पहारी घालून इंचाइंचाने परत दातांवर बसवा. सील ३५० रुपयांचं. ते आणायला पुतण्या मोटरसायकलवर सोलापूरला गेला, पेट्रोल ४०० रुपयांचं. दुकानदाराने त्याला आधी विचारलं, "ह्यो मॉडेल अजून चालतोय?" कौतुकाने नव्हे.

पुतण्या गेला आणि मोपेडवर पेंडीचं पोतं घेऊन एक गृहस्थ आले. गाडी स्टँडला लावली, माझ्या पान्यांच्या पेटीवर बसले.

"काय वो मालक, जेसीबी बंद पडला काय?"

मी मशीनखाली उताणा, कानात ग्रीस, बनियनचा रंग सांगता येऊ नये अशी अवस्था, आणि म्हणे मालक! पण मला खरं लागलं ते जेसीबी. जेसीबीला चाकं असतात, मागे एक सोंड आणि पुढे सूप. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रजाची आद्याक्षरं. हे सगळं मी मशीनखालून त्यांना सांगितलं. "हा पोकलेन आहे," असा समारोप केला. आता पोकलेन हेही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आणि माझं मशीन त्या कंपनीचंही नाही, हे मला तिथेच आठवलं. बोललो नाही. २०१९ साली जेसीबीची खुदाई बघत उभ्या राहणाऱ्या माणसांवर अख्खा देश फोनवर हसत होता. मीही हसलो होतो. तेव्हा खड्ड्यात मी नव्हतो.

"बरं, पोकलँड तर पोकलँड," ते म्हणाले. "तेवढं आमच्या बांधावरचं बाभळीचं खोड काढून द्या की. पाच मिनिटांचं काम हाय."

"अहो, पट्टा उतरलाय."

"किती उतरलाय?"

पट्टा किती उतरलाय! जणू ताप आहे. "पूर्ण उतरलाय. मशीन जागचं हलत नाही."

त्यांनी मान वर करून बूमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हात तर चालतोय ना?"

"चालतो. पण तुमचा बांध कुठाय?"

"त्यो काय, लिंबापल्याड." लिंब दोनशे फुटांवर होता.

"इथून पोचेल का हात?"

"तुमचं मशीन, तुम्हाला म्हाईत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मी काहीतरी लपवतोय असा संशय होता. मग त्यांनी फोन काढला आणि साडूला व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा माझ्याकडे. "ह्ये बघा दाजी, मालक सोता खाली शिरल्यात." साडूचा आवाज घोगरा, भोंग्यासारखा. साडू म्हणाला, "पाना उलटा धरलाय त्यांनी." पाना उलटा नव्हता. मशीनखालून बघितलं की सगळंच उलटं दिसतं, पण साडू ते शिरूर का कुठून बघत होता, त्याच्याशी कोण वाद घालणार. तरी मी घातला. दहा मिनिटं.

पुतण्या चारला सील घेऊन आला. चेन चढेपर्यंत सहा वाजून गेले. गृहस्थ हलले नाहीत. मधे आमच्या डब्यातली एक भाकरी आणि ठेचा त्यांनी 'चव बघायला' घेतला. पहार मात्र एकदाही हातात घेतली नाही. कंबर धरलीय म्हणाले. पहारीने दाबायचं कुठे हे मात्र बसल्या जागेवरून सांगत होते, आणि एकदा, एकदाच, त्यांनी सांगितलेली जागा बरोबर निघाली. ते एकदा मला फार महागात पडलं.

कारण मग नाही कसं म्हणणार?

बाभळीचं खोड म्हणजे खोड नव्हतंच, वरून तोडलेलं अर्धं झाड होतं, मुळं थेट मुरमात गेलेली. पाच मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. दहा लिटर डिझेल. सात वर्षांपूर्वी मी तासाला १,२०० घ्यायचो तेव्हा डिझेल पासष्टला होतं. आज नव्वदच्या वर आहे, आणि १,५०० म्हटलं की डाळिंबवाला म्हणतो, पैसे बहार निघाल्यावर. सील बदलायला मेकॅनिक बोलवला असता तर त्याचं येणं-जाणं, जेवण आणि 'मशीन काढून टाका' हा सल्ला, तिन्हीचे पैसे लागले असते. म्हणून मी खाली शिरतो. हौस नाही. आणि लोकांना वाटतं एवढं मोठं लोखंड ज्याचं, त्याला दहा लिटरने काय होतंय.

खोड निघाल्यावर त्यांनी फोटो काढला. चहा झाला, बिनदुधाचा. पैशाचं नाव निघालं नाही, मीही काढलं नाही, आणि घरी येईपर्यंत पुतण्या माझ्याशी बोलला नाही. रात्री त्याने मला त्या गृहस्थांचं स्टेटस दाखवलं. बकेटमध्ये बाभळीचं खोड, खाली ओळ: 'आमच्या बांधावर जेसीबी. मालक देवमाणूस.'

काल सकाळी शेततळ्यावर गेलो. आधी सील बघितलं, कोरडं होतं, जीव भांड्यात पडला. उठून उभा राहिलो तर पान्यांच्या पेटीवर दोघं बसलेले. एकाला लगेच ओळखलं. दुसऱ्याचा चेहरा नवीन होता, पण "नमस्कार मालक" म्हणाला तो आवाज घोगरा होता, भोंग्यासारखा.