थेंबे थेंबे गाल भिजे

डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज रात्री एक थेंब. बस्स!" त्या 'बस्स'वर माझा अजून राग आहे.

नौपाड्यातल्या आमच्या घरी या एका थेंबासाठी सगळं कुटुंब लागतं. मी सोफ्यावर मान टाकून पडतो. बायको बाटली धरते, मुलगी मोबाइलचा टॉर्च. आतल्या खोलीतून आई ओरडते, "अरे, वर बघ, वर!" वर पंखा. बायकोचंही लक्ष तिकडे जातं. "अहो, पात्यांवर केवढी धूळ बसलीय!" तेवढ्यात थेंब भुवईवर.

"डोळा मिटू नका हो."

"अगं, मी नाही मिटत, तो मिटतो."

दुसरा थेंब गालावर. तिसरा कानाकडे निघतो. बाटली महिनाभर पुरावी अशी अपेक्षा असते. आमची पंधरवड्यातच तळ गाठते. औषधाच्या दुकानातला मुलगा माझ्याकडे आदराने बघायला लागला होता.

मुलगी बी.फार्म. करते, त्यामुळे तिला कीव येण्याऐवजी आकडे सुचतात. "बाबा, थेंब असतो तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. डोळ्यात एरवी अश्रू असतात सातेक मायक्रोलिटर आणि फार तर तीस मावतात." म्हणजे सकाळच्या फास्ट लोकलला ठाण्याला चढण्यासारखंच, आत शिरणार थोडे, बाकीचे फलाटावर. शिवाय जे शिरतं, तेही पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात आणि तिथून घशात उतरतं. बुबुळापलीकडे पोचतं जेमतेम पाच टक्के, बऱ्याचदा त्याहून कमी. रात्री तोंड कडू का होतं, ते तेव्हा कळलं. मी उगाच कारल्याच्या भाजीवर संशय घेत होतो. यात गंमत नाही म्हणा: काचबिंदूचंच टिमोलॉल हे औषध याच वाटेने रक्तात जाऊन दमेकऱ्याला धाप लावू शकतं. म्हणून थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा.

माझ्या औषधाचा आणखी एक गुण म्हणजे पापण्यांचे केस वाढतात. याच जातीतलं एक औषध अमेरिकेत 2009 पासून खास पापण्या लांब करायलाही विकलं जातं. डोक्यावरचे गेले, ते डाव्या पापणीवर उगवले. एकाच. सोसायटीच्या सभेत मी डोळा मारतोय असा एक-दोघींचा समज झाला आहे.

थेंबाला पर्याय शोधणारे लोक जगात आहेत, हे ऐकून बरं वाटलं. 1974 मध्ये अमेरिकेत खालच्या पापणीत ठेवायची एक चकती आली. त्यातून आठवडाभर औषध झिरपायचं. पण ती कधी कधी झोपेत निसटायची. आई म्हणाली, "म्हणजे सकाळी उठून गादी झाडायची? माझ्या कवळीचं तेच चालतं, तेवढं पुरे." आता अमेरिकेत डोळ्याच्या आत सोडायचा, विरघळत जाणारा औषधाचा कण निघाला आहे, 2020 मध्ये त्याला मान्यता मिळाली. 2023 मध्ये टायटॅनियमची इवलीशी कुपीही मान्य झाली. ॲलर्जीचं औषध भरलेली काँटॅक्ट लेन्सही निघाली होती, अश्रूंच्या छिद्रात बसवायचं, महिनाभर औषध सोडणारं बूचही आहे. आमच्याकडे मात्र अजून टॉर्च.

शेजारच्या काकांच्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने सूज आहे. थेंबाचं औषध इतक्या मागे पुरेसं पोचतच नाही, म्हणून ते थेट डोळ्यात इंजेक्शन घेतात. मला ऐकूनच घाम फुटला. ते निवांत. "अरे, डोळा बधिर करतात आणि पापणीला क्लिप लावतात. तिचं मतच विचारत नाहीत." परत येताना त्यांनी वडापावही खाल्ला होता.

शेवटी मुलीनेच तोडगा काढला. आडवं व्हायचं, चक्क डोळे मिटायचे, नाकाजवळच्या खोबणीत थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत. बायकोला ही पद्धत अजिबात आवडली नाही. तिच्या मते त्यात कौशल्य काहीच नाही.

बाटली आता महिनाभर पुरते. औषधाच्या दुकानातल्या मुलाला वाटतंय, मी दुसरं दुकान धरलं. परवा त्याने न मागता दहा टक्के सूट दिली.